एकूण कशाचे?

वृत्तालेखाचे कोन मुलांकडून हाताने काढून घेणे आता बंद करावे, असे माझे ठाम मत होते. गणित शिक्षकांच्या बैठकांत मी ते उघडपणे मांडत असे, आणि माना डोलावणारे सहकारीही पुष्कळ भेटत. आज माझे मत नेमके उलट आहे. ते का बदलले हे नीट सांगायला हवे, कारण ज्या गोष्टींनी ते बदलले त्या फक्त माझ्या कारेगावच्या वर्गापुरत्या नाहीत. त्या ग्रामसभेतही समोर येतात, आणि तिथे प्रश्न पेपरातल्या गुणांचा नसतो.

आधी माझी जुनी बाजू. ती मला आजही पोकळ वाटत नाही. दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकी हे सहावे, म्हणजे शेवटचे प्रकरण. त्यात मध्य, मध्यक, बहुलक, मग आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख. तिथवर पोहोचेपर्यंत सराव परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. सूत्र सोपे आहे: घटकाची संख्या भागिले एकूण संख्या, गुणिले ३६०. पण एकच उदाहरण पुरे करायला मूल बेरीज करते, प्रत्येक घटकासाठी भागाकार-गुणाकार करते, कंपासने वर्तुळ काढते, कोनमापक लावते, पाकळ्या पाडते आणि वर रंगवतेही. तेवढ्या वेळात अर्थनियोजनाची दोन उदाहरणे सहज होतात. हाच लेख संगणकावर आकडे टाकले की क्षणात तयार. मुलांनी लेख वाचायला शिकावे, काढायचे काम यंत्राकडे द्यावे, असे मला वाटे.

दुसरे कारण जास्त खोलातले होते. मुळात वृत्तालेख या प्रकारावरच माझा विश्वास नव्हता. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले की, एकाच पट्टीवर मांडलेल्या गोष्टी डोळा जितक्या अचूक ताडतो तितके कोन त्याला ताडता येत नाहीत. २५ टक्के आणि २८ टक्के शेजारी शेजारी स्तंभांत काढा, फरक लगेच दिसतो. पाकळ्यांत काढले तर ९० अंश आणि जवळजवळ १०१ अंश यांतला फरक आकडा लिहिल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. एडवर्ड टफ्टी यांनी त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या पुस्तकात तर वृत्तालेख वापरूच नयेत असे स्वच्छ लिहिले. साधा, सरळ, डोळ्याला कळणारा स्तंभालेख हाताशी असताना मुलांना वर्तुळात का अडकवायचे, हा माझा प्रश्न होता. अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकवायचे, एवढ्यावर मी तो विषय उरकत असे.

कारेगाव हे पुणे–नगर रस्त्यावरचे, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला खेटून असलेले गाव. वर्गात एका बाकावर याच गावच्या बागायतदाराची मुलगी आणि तिच्या शेजारी नांदेडकडून, यवतमाळकडून किंवा थेट बिहारमधून आलेल्या कामगाराची मुलगी बसते. पुष्कळांचे घर म्हणजे चाळीतली भाड्याची खोली. वडील कंपनीत, शिफ्ट फिरती: एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, मग नाइट. नाइटच्या आठवड्यात घरात दिवसा आवाज करायचा नाही, हे या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. दहावीच्या वर्गात शिकवताना माझ्या लक्षात आले की पुस्तकातल्या कुटुंबाचा मासिक खर्च, म्हणजे अन्न, वस्त्र, शिक्षण, इतर, ही मुले सूत्रात घालतात आणि विसरतात. म्हणून मी त्यांना घरातल्या एका माणसाच्या दिवसाचा वृत्तालेख काढायला सांगितला. संगणकावरच काढायचा असे ठरले होते, पण गुरुवार होता आणि दुरुस्तीसाठी वीज बंद होती. मग वह्या उघडल्या.

२४ तासांना ३६० अंश, म्हणजे एका तासाला १५ अंश. हे मुलांनी आपणहून काढले. आठ तासांची शिफ्ट १२० अंश. बारा तासांची असेल तर १८०, म्हणजे अर्धे वर्तुळ. ज्यांचे वडील ओव्हरटाइम करतात त्यांनी ते अर्धे वर्तुळ काढले आणि जरा वेळ नुसते बघत राहिले. नंतर झोप, आंघोळ-जेवण, बाजार, मोबाइल असे सगळे उरलेल्या अर्ध्यात बसवायचे होते.

एका मुलाने मात्र शिकवणीत शिकवलेली वाट धरली: आधी टक्के, मग अंश. काम आठ तास, झोप आठ तास, बाकी सगळे आठ तास. प्रत्येकाचे त्याने ३३ टक्के लिहिले. एका टक्क्याला ३.६ अंश, म्हणून ११८.८, कोनमापकावर ११९. तीन पाकळ्या काढून झाल्या आणि वर्तुळात बारीक फट राहिली. ३५७ अंश झाले होते, तीन अंश शिल्लक. त्याने मला विचारले, "मॅडम, हा वेळ कुठं गेला?" एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे बारा मिनिटे. शेजारच्या मुलीने त्याची वही ओढून घेतली आणि म्हणाली, "अरे, आठ पंधरे एकशेवीस. टक्के काढलेसच कशाला?" ती बारा मिनिटे ३३.३३… च्या शेपटीत होती आणि ती शेपटी त्याने पहिल्याच पायरीवर छाटली होती.

हा प्रसंग मी कितीतरी वेळ मनात घोळवत राहिले. संगणकावर काढला असता तर ती फट दिसलीच नसती. यंत्र काहीही झाले तरी वर्तुळ पूर्ण मिटवून देते. मुलाच्या वहीत मात्र वर्तुळ मिटले नाही, आणि म्हणूनच त्याने विचारले.

दुसऱ्या एका मुलीने आईचा दिवस घेतला. तिने आदल्या रात्री आईला विचारून यादी केली होती: पाणी भरणे, डबे, धुणे, दळण, धाकट्याचा अभ्यास, स्वयंपाक, घरी आणलेले शिवणकाम, झोप. बेरीज २७ तास आली. कोन काढले तर ४०५ अंश. पाकळ्या काढत काढत ती पहिल्या रेषेपाशी आली आणि तिच्याकडे आणखी ४५ अंश उरलेले होते. तिला वाटले गुणाकार चुकला. गुणाकार बरोबर होता. आई भाजी निवडता निवडता धाकट्याचा अभ्यास घेत होती, शिवता शिवता कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. तेच तास दोन कामांत धरले गेले होते. मुलीने खोडले, पुन्हा आईशी बोलून आली, आणि दुसऱ्या दिवशी नव्या लेखात एक वेगळी पाकळी होती: "दोन कामे एकदम", तीन तास, ४५ अंश. आता बेरीज २४ झाली.

स्तंभालेखात हे कधीच उघड झाले नसते. स्तंभ कितीही काढता येतात, त्यांची बेरीज २७ होवो की ३७, कागद तक्रार करत नाही. वर्तुळ ३६० अंशांनंतर जागा देत नाही. माझ्या जुन्या मताला पहिला धक्का बसला तो इथे. स्तंभ डोळ्याला अधिक अचूक, हे खरेच. पण घटक मिळून एक पूर्ण होते का, याची तपासणी फक्त वर्तुळ करते, आणि तीही तुम्ही कोन स्वतः मांडलेत तरच.

त्याच दिवशी एकाने घड्याळाच्या तबकडीवरच वडिलांची शिफ्ट रंगवून आणली होती. आठ तास, २४० अंश. शेजाऱ्याचे आठ तास १२० अंश. दोघांचे भांडण जुंपले. तबकडीचे पूर्ण वर्तुळ १२ तासांचे, वहीतले २४ तासांचे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तास तेवढेच, कोन दुप्पट, कारण एकूण निम्मे. मी फळ्यावर फक्त "एकूण" हा शब्द लिहिला आणि बाकीचे त्यांनीच बोलून घेतले.

तरीसुद्धा मी मत लगेच बदलले असे नाही. तास चांगला झाला, एवढेच मी स्वतःला सांगितले. मत खरे बदलले ते वर्गाबाहेर.

माझा एक जुना विद्यार्थी शिरूर-दौंड भागातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. ग्रामसभेसाठी फलकावर लावायला त्याने एक वृत्तालेख तयार केला होता. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचे असतात. गावाला हे कळावे, कुणी विचारायला आले तर बोट ठेवून दाखवता यावे, अशी त्याची प्रामाणिक इच्छा. त्याने तीन आकडे टाकले, १५, १० आणि ५, आणि यंत्राने सुरेख रंगीत वर्तुळ काढून दिले. "मॅडम, आकडे तर बरोबर आहेत," तो म्हणाला, "पण बघणाऱ्याला वाटतंय की अर्धा पैसा एकाच खात्यावर जातोय. जरा बघता का?"

बघितल्याबरोबर कळले. यंत्राने तीन आकड्यांची बेरीज ३० केली आणि ३० म्हणजे पूर्ण वर्तुळ धरले. १५ ला १८० अंश, १० ला १२०, ५ ला ६०. तिन्ही पाकळ्यांचे आपसातले प्रमाण ३:२:१ बरोबर राहिले, म्हणून आकडे वाचणाऱ्याला शंका येत नाही. पण वर्तुळाचा अर्थ पूर्ण बदलला. खरे कोन ५४, ३६ आणि १८ अंश. तिन्ही मिळून १०८ अंश, आणि उरलेली २५२ अंशांची मोठी पाकळी, म्हणजे दिवाबत्ती, पाणीपुरवठा, कर्मचाऱ्यांचे पगार आणि बाकी सगळा ७० टक्के खर्च, लेखातून साफ गायब होती. ज्या वस्तीसाठी १५ टक्के ठेवायचे, तिला अर्धे मिळतात असे चित्र गावाच्या भिंतीवर लागले असते. त्यातून चावडीवर काय काय बोलले गेले असते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

हा मुलगा हुशार. दहावीला गणितात चांगले गुण होते. संगणक त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगला येतो. त्याला कमी पडले ते एवढेच, की एकूण किती हे त्याला कुणी विचारले नाही. यंत्र विचारत नाही. जे टाकाल त्याची बेरीज करते आणि तीच पूर्ण धरते. हाताने काढायला बसलेल्या माणसाला मात्र पहिल्याच ओळीत भागिले खाली काहीतरी लिहावे लागते. तिथे १५ भागिले किती, हा प्रश्न टाळताच येत नाही. मी ज्या पायरीला वेळखाऊ म्हणून वगळायला निघाले होते, नेमकी तीच पायरी विचाराची होती.

आम्ही दोघांनी मग कोरा कागद घेतला. १० टक्के म्हणजे ३६ अंश. त्याचे निम्मे १८. दोन्ही मिळून ५४. उरलेले वर्तुळ २५२. पाच मिनिटे लागली असतील. नंतर त्याने संगणकात चौथा आकडा टाकला, ७०, आणि लेख जसा हवा तसा आला. संगणकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एकूण आधी ठरवलेल्या माणसाच्या हातात तो उत्तम चालतो.

त्यानंतर मी वर्गात गावाचाच पैसा उदाहरण म्हणून घेऊ लागले, कारण तो खरा आहे आणि त्याची टक्केवारी शासनाने ठरवून दिलेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांच्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित होते. बंधितात निम्मे, म्हणजे एकूणाच्या ३० टक्के, स्वच्छतेसाठी आणि ३० टक्के पिण्याच्या पाण्यासाठी. महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. मुलांनी कोन काढले: ८० टक्क्यांचे २८८, दहाचे ३६, दहाचे ३६. दुसऱ्या वर्तुळात १०८, १०८ आणि १४४.

इथे कोनमापकाने एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येक गणित शिक्षकाने मुलांसमोर करून दाखवावी अशी आहे. कोनमापकावर दोन मोजपट्ट्या असतात, एक डावीकडून सुरू होणारी, एक उजवीकडून. १०८ च्या रेषेवरच दुसऱ्या पट्टीचा ७२ असतो. एका मुलाने पाण्याची पाकळी ७२ वर काढली. ७२ अंश म्हणजे २० टक्के. पाण्याचे ३० टक्के कागदावर २० झाले आणि वर्तुळात ३६ अंशांची मोकळी जागा राहिली. मुले म्हणाली, "दहा टक्के निधी गळाला!" त्या दिवशी गावातल्या पाण्याच्या टाकीपासून नळापर्यंत चर्चा गेली. बंधित ६० टक्क्यांचे २१६ अंश तर अर्धवर्तुळाकार कोनमापकावर मावतच नाहीत. ते काढायला उरलेले १४४ काढावे लागतात. भाग काढायचा असेल तर उरलेल्याचा हिशोब आधी, हे मुलाच्या बोटांनाच कळते.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्यावर थांबलो तो प्रश्न कारेगावचा स्वतःचा आहे. गावाचे एकूण किती?

पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतींचा निधी ठरला तो मुख्यतः २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येच्या आधारे. २०२१ ची जनगणना लांबली, ती आता २०२७ मध्ये होत आहे. मधल्या काळात कारखान्यांमुळे या गावात किती खोल्या वाढल्या, किती माणसे आली, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते. कायद्याने ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसे. भाडेकरूंपैकी अनेकांचे मत त्यांच्या मूळ गावी. शाळेच्या पटावर त्यांची मुले आहेत. नळाचे पाणी सगळेच पितात आणि कचरा सगळ्यांचाच होतो. म्हणजे एकाच गावाचे किमान तीन वेगळे एकूण: जनगणनेतले, मतदार यादीतले आणि आज रात्री इथे झोपणारे. "पाणी पुरेसे मिळणारी घरे किती टक्के" असा लेख काढायचा तर वर्तुळ यांपैकी कशाचे? मुलांना मी विचारले, आणि वर्ग दोन तट पडल्यासारखा बोलू लागला. ज्यांची घरे इथली, त्यांच्यातल्या काहींना मतदार यादी पुरेशी वाटली. नांदेडकडच्या मुलीने शांतपणे विचारले, "मग आमच्या घरातला हंडा कोणत्या पाकळीत?" तिला कुणी उत्तर दिले नाही. पण फळ्यावरच्या भागाकारात खालची संख्या त्यांनी स्वतः बदलली आणि आज राहणारी सगळी घरे धरली.

माझ्या मते वृत्तालेखाची खरी किंमत ही आहे, की तो काढताना कोणाला मोजायचे हे उघडपणे ठरवावे लागते. टक्का हा आकडा एकटा फिरू शकतो. "४० टक्के" असे कुणीही कुठेही म्हणून जातो, कशाचे ते न सांगता. कोन तसा फिरत नाही. त्याला वर्तुळ लागते.

माझ्या जुन्या मतातले काय टिकले, तेही सांगते. दोन गावांची किंवा दोन वर्षांची तुलना करायची असेल तर मी आजही स्तंभच काढायला लावते. दोन वर्तुळे शेजारी ठेवून कुठली पाकळी वाढली हे डोळ्याला ठरवता येत नाही, आणि एका वर्तुळाचे एकूण दुसऱ्यापेक्षा मोठे असेल तर घोळ आणखी वाढतो. सहा-सातहून अधिक पाकळ्या असतील तर लेख काढू नये. तिरके, जाड, थाळीसारखे दिसणारे त्रिमिती वृत्तालेख तर फलकांवर मुळीच नकोत; पुढची पाकळी त्यात आहे त्यापेक्षा मोठी दिसते. "कोणत्या सुविधा हव्यात" असे विचारून एकेकाला दोन-तीन पर्यायांवर खूण करू दिली असेल, तर त्या खुणांचे वर्तुळ करू नये, कारण खुणांची बेरीज म्हणजे माणसांची बेरीज नव्हे. आईच्या २७ तासांसारखेच ते आहे.

पण वर्तुळ सर्वच बाबतीत कमी, हे मत मी सोडले, आणि ते सोडायला संशोधनाचाही आधार आहे. वॉल्टर क्रॉस्बी ईल्स यांनी १९२६ सालीच विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवले होते की एका पूर्णाचे भाग ओळखायचे असतील तर वर्तुळ पट्ट्यांच्या मागे पडत नाही. १९८७ साली सिमकिन आणि हेस्टी यांनी तेच तपासले: दोन भागांची आपसात तुलना करायची तर स्तंभ सरस, पण एक भाग पूर्णाचा केवढा हे सांगायचे तर वृत्तालेख चांगला उतरतो. गंमत अशी की स्तंभालेख आणि वृत्तालेख हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून जगापुढे आले, विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाच्या. स्तंभ १७८६ च्या पुस्तकात, वर्तुळ १८०१ च्या. त्याच्या वर्तुळात तुर्की साम्राज्याचा प्रदेश आशिया, युरोप आणि आफ्रिका या खंडांत कसा विभागला आहे, हे दाखवले होते. एक साम्राज्य, त्याचे तीन भाग. म्हणजे पहिल्यापासूनच वर्तुळ एका पूर्णाचे होते.

शिकवण्याची पद्धतही मी बदलली आहे. टक्के आधी काढायला मी आता सांगत नाही. आधी एकूण, मग एकमान पद्धतीने एकाला किती अंश. ३० मुलांचा वर्ग असेल तर एकाला १२ अंश, ४५ चा असेल तर ८. शेतकऱ्याच्या मुलाला एकराचे ४० गुंठे माहीत असतात. एका गुंठ्याला ९ अंश. दहा गुंठे कांदा म्हणजे काटकोन, वीस गुंठे ऊस म्हणजे अर्धे वर्तुळ, राहिले दहा गुंठे. त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही. ३६० ला २४ विभाजक आहेत, १०० ला फक्त नऊ. त्यामुळे रोजच्या व्यवहारातले बरेचसे एकूण ३६० मध्ये बिनतक्रार बसतात आणि शंभरात बसवताना दशांशाची शेपटी लागते. जिथे ३६० लाही भाग जात नाही तिथे पूर्णांक करायचा तो सगळ्यात शेवटी, आणि शेवटची पाकळी उरलेली म्हणून नुसती सोडून द्यायची नाही. तिचा कोनही गणिताने काढायचा आणि मग मोजून पाहायचा. जुळला तर लेख बरोबर.

टक्के लिहायचे, जरूर लिहायचे, पण लेख पूर्ण झाल्यावर, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी.

आपल्याकडे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला ग्रामसभा भरतात. तिथे आता अंदाजपत्रकाचे, निधीचे, करवसुलीचे रंगीत लेख पडद्यावर दिसतात, आणि ते दाखवणारी बहुतेक मुले आपल्याच वर्गातून गेलेली असतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, सरपंचांना आणि संगणक परिचालकांना माझी विनंती आहे की प्रत्येक वर्तुळाखाली एक ओळ लिहा: पूर्ण वर्तुळ म्हणजे किती रुपये, कोणत्या वर्षाचे, किंवा किती घरे, आणि भाड्याच्या खोल्या त्यात धरल्या आहेत की नाहीत. गणित शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना सांगणे एवढेच, की संगणक कक्षात जाण्याआधी वर्गाकडून निदान एक वृत्तालेख वहीत करून घ्या. पुस्तकातल्या कुटुंबाच्या खर्चाऐवजी मुलाच्या घरातल्या एका माणसाचा दिवस द्या, आणि बेरीज २४ येत नसेल तर लगेच दुरुस्त करून देऊ नका. मुलाला घरी विचारून येऊ द्या.